थंडी पडली म्हणजे बोंडअळी मरते काय?

विदर्भातील कोरडवाहू शेतीत कपाशी हे मुख्य नगदी पीक असून यवतमाळ जिल्ह्यात तर घरप्रपंचाचा बराचसा हिशेब याच पिकावर मांडला जातो. कळंब तालुक्यातील शिवारात डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेले असता एक प्रश्न हमखास कानी पडतो. ‘साहेब, यंदा थंडी कडक आहे. अळी मरूनच जाईल. मंग एक पाणी देऊन फरदड ठेवली तं जमते काय?’ प्रश्न विचारणारा शेतकरी अडाणी नसतो. त्याने थंडीच्या दिवसांत कामगंध सापळ्यातील पतंगांची संख्या उतरलेली स्वतः पाहिलेली असते. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा असतो व त्या चुकीची किंमत पुढच्या हंगामात सगळ्या गावाला मोजावी लागते. म्हणून थंडीचा किडीवर नेमका काय परिणाम होतो, हे थोडे मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

किडीच्या अंगातील चूल

आपले शरीर बाहेर थंडी असो की ऊन, साधारणपणे ३७ अंश सेल्सिअस तापमान कायम राखते. त्यासाठी खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग खर्ची पडतो. गाई-म्हशींचेही तसेच. किडीचे तसे नाही. कीटक हे शीतरक्ताचे प्राणी होत. भोवतालचे जे तापमान तेच थोड्याफार फरकाने त्यांच्या अंगाचे तापमान. त्यामुळे खाणे, पचविणे, श्वास घेणे, वाढणे, अंडी घालणे या शरीरातील सर्व क्रियांचा, म्हणजेच चयापचयाचा वेग हवामानावर ठरतो. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग दुपटीच्या आसपास जातो आणि १० अंशांनी उतरले की निम्म्यावर येतो. अर्थात याला वरची मर्यादा आहे. फार ऊन झाले की वाढ पुन्हा मंदावते व पुढे कीड मरते.

याचे ठळक उदाहरण आपण मे २०२० मध्ये पाहिले. वाळवंटी टोळांच्या धाडी त्या वर्षी अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत शिरल्या. दिवसभर उडणारी ही धाड रात्री झाडाझुडपांवर बसते व सकाळी उन्हाने अंग तापेपर्यंत उडू शकत नाही. म्हणूनच नियंत्रण पथके रात्री उशिरा व पहाटे फवारणी करीत असत. त्या वेळी टोळ जिवंत होता, धडधाकट होता. फक्त त्याच्या पंखांच्या स्नायूंना पुरेशी ऊब मिळालेली नव्हती.

सापळ्यातील पतंग कमी का होतात, याचेही उत्तर यातच आहे. शेंदरी (गुलाबी) बोंडअळीचा पतंग निशाचर आहे. रात्रीचे तापमान १०-१२ अंशांपर्यंत घसरले की त्याचे उडणे जवळजवळ थांबते. सापळा रिकामा दिसतो, पण शेत रिकामे झालेले नसते.

उष्णतेची बेरीज

प्रत्येक किडीचे एक किमान तापमान असते. त्याखाली तिची वाढ थांबते. शेंदरी बोंडअळीच्या बाबतीत ही पातळी सुमारे १३ अंश सेल्सिअस मानली जाते. दिवसाच्या सरासरी तापमानातून १३ वजा करावे. जे उरते ती त्या दिवशी अळीच्या खाती जमा झालेली उष्णता. अशी रोजची बेरीज अंदाजे ५०० झाली की अंड्यापासून पतंगापर्यंत एक पिढी पूर्ण होते, असे हिशेबापुरते धरू.

आता कळंबकडील हवामान घेऊ. ऑक्टोबरमध्ये दिवसाचे तापमान ३२ व रात्रीचे २० अंश धरले तर सरासरी २६ येते. त्यातून १३ वजा जाता रोज १३ जमा होतात. म्हणजे एका पिढीस ३८ दिवस. डिसेंबरमध्ये दिवसा २९ व रात्री १२ धरल्यास सरासरी साडेवीस, रोजची जमा साडेसात आणि एका पिढीस सुमारे ६७ दिवस. थंडीने येथे काय केले? अळी मारली नाही. तिची चाल निम्म्यावर आणली, एवढेच. ज्या रात्री पारा ९-१० अंशांवर उतरतो त्याच दिवशी दुपारी ऊन २८ अंशांपर्यंत जाते आणि बोंडातील अळी पुन्हा खाऊ लागते.

हाच हिशेब फरदडीस लावून पाहावा. डिसेंबर महिन्याची जमा सुमारे २३०, जानेवारीची २५०, फेब्रुवारीची २९० आणि मार्चमध्ये ऊन तापू लागल्याने ४५० हून अधिक. चार महिन्यांची बेरीज १२०० च्या वर जाते. म्हणजे पाणी देऊन मार्चअखेर उभी ठेवलेली पऱ्हाटी अळीच्या आणखी दोन पिढ्या सहज पोसते. एक मादी शंभर ते दोनशे अंडी घालते हे लक्षात घेतल्यास दोन पिढ्यांत काय होते, हे सांगावयास नको. आकडे ढोबळ आहेत. वर्षावर्षाला व शेताशेताला थोडा फरक पडेल. परंतु शेतकरी बंधूंनी आपल्या भागातील कमाल-किमान तापमान घेऊन हा हिशेब स्वतः एकदा जरूर मांडावा. पाटी-पेन्सिलीवर होणारे काम आहे.

थंडी सोसण्याच्या तऱ्हा

थंडीने कीड मरतच नाही असेही नाही. तापमान शून्याखाली गेले की शरीरातील पाणी गोठते, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि कीड मरते. काही नाजूक किडी तर गोठण्याच्या कितीतरी वर, केवळ दीर्घकाळच्या गारठ्यानेही मरतात. ज्या प्रदेशात हिवाळा कडक असतो तेथे म्हणूनच तीनच प्रकारच्या किडी टिकतात: थंडी सोसणाऱ्या, थंडीत झोपून राहणाऱ्या आणि दर वर्षी बाहेरून नव्याने येणाऱ्या.

पहिल्या दोन्ही गोष्टी साधणारी कीड म्हणजे सफरचंदातील कॉडलिंग मॉथ. आपल्या देशात ती लडाखमध्ये आढळते. तिची अळी झाडाच्या सालीखाली कोषात हिवाळा काढते. अशा किडी रक्तात ग्लिसरीन व साखरेसारखे पदार्थ साठवितात, आतड्यातील अन्न टाकून देतात व शून्याखाली बरेच अंश गेले तरी शरीरातील पाणी गोठू देत नाहीत. मोटारीच्या रेडिएटरमध्ये थंड मुलखात जे औषध घालतात त्यातलाच हा प्रकार.

तिसऱ्या प्रकारात मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी मोडते. ही कीड २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिला सुप्तावस्था नाही. अमेरिकेत ती हिवाळ्यात फ्लोरिडा व टेक्सासच्या दक्षिण भागातच जिवंत राहते. उत्तरेकडील राज्यांत मरून जाते आणि दर उन्हाळ्यात पतंग वाऱ्याबरोबर पुन्हा कॅनडापर्यंत जातात. आपल्याकडे तिला मारील अशी थंडीच पडत नाही. मका किंवा ज्वारी हिरवी मिळत गेली की ती बारमाही राहते.

सर्वच किडींना ऊन आवडते असेही समजू नये. करडईवरील मावा गारव्याच्या दिवसांत फोफावतो व ऊन वाढले की ओसरतो. करडईची पेरणी लांबवू नये असे विद्यापीठे सांगत आली, त्यामागील एक कारण हेच. उशिरा पेरलेली करडई कोवळी असताना माव्याचा भर येतो आणि पीक जाते.

सरकीतील झोप

शेंदरी बोंडअळी मुळात उष्ण प्रदेशातील कीड. तिच्यापुढील खरी अडचण थंडी नसून उपासमार ही आहे. कपाशी निघाल्यापासून पुढच्या हंगामात पाती लागेपर्यंत पाच-सहा महिने तिला खावयास काही नसते. भेंडी, अंबाडी यांसारख्या पिकांवर ती थोडीफार आढळते, पण तिचा खरा संसार कपाशीवरच. हा रिकामा काळ काढण्यासाठी तिने सुप्तावस्थेची युक्ती साधली आहे.

ही झोप थंडीने गारठून आलेली ग्लानी नव्हे. गारठलेली कीड ऊब मिळताच हालू लागते. सुप्तावस्थेतील अळी भर दुपारी ऊब मिळाली तरी उठत नाही. तिची तयारी आधीच झालेली असते. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. दिवस लहान होत जाणे, रात्री गार होणे आणि पक्व बोंडातील तेलकट सरकी खावयास मिळणे, या तिन्ही खुणा जुळल्या की शेवटच्या अवस्थेतील पूर्ण वाढलेली अळी कोषात न जाता अंगात चरबी साठवून निजते. बरेचदा ती दोन सरक्या रेशमी धाग्याने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत राहते. काही अळ्या किडक्या बोंडात, काही पालापाचोळ्यात, काही जमिनीच्या भेगांत शिरतात. सर्वच अळ्या निजत नाहीत. एकाच शेतात काही झोपलेल्या व काही खात असलेल्या सापडतात, म्हणून फरदडीत पिढ्या चालू राहतात आणि त्याच वेळी झोपलेल्यांचा साठाही वाढत जातो.

रात्री चुलीतील विस्तव राखेखाली झाकून ठेवावा, तसे या अळीचे असते. आग विझत नाही, पण सरपणही जळत नाही. श्वासोच्छ्वास कितीतरी पटीने मंदावतो, चरबी थेंबाथेंबाने वापरली जाते आणि अशी अळी सहा महिने आरामात काढते. काही अळ्या दोन वर्षांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. येथे थंडी तिला शत्रू नसून एका अर्थी मित्रच ठरते, कारण गारव्यात साठविलेली चरबी कमी खर्च होते.

पुढे दिवस मोठे झाले, हवेत ओल आली की ती जागी होते, कोषात जाते व मे-जूनमध्ये पतंग बाहेर पडतो. हा पतंग एक-दोन आठवडे, फार तर तीन आठवडे जगतो. तेवढ्यात शेतात पाती-फुले असलेली कपाशी मिळाली तर वंश चालू. न मिळाली तर तो तसाच मरतो. सगळे गणित या दोन-तीन आठवड्यांवर अडलेले आहे.

भडोचपासून ॲरिझोनापर्यंत

या किडीची शास्त्रीय ओळख पहिल्यांदा आपल्याच देशातील नमुन्यांवरून झाली. १८४२ साली भडोच येथील कपाशीवर नुकसान करताना ती आढळली व सॉण्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सरकीबरोबर इजिप्तमध्ये गेली, तेथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत व १९१७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोहोचली. एवढा प्रवास पंखांनी झाला नाही. बंद आगबोटीत, पोत्यांतील सरकीत झोपलेल्या अळीने तो केला.

अमेरिकेत गेल्यावर मात्र तिची हद्द थंडीने आखली. ॲरिझोना व दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उष्ण वाळवंटी भागात तिने ठाण मांडले. त्याच्या उत्तरेस कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात कपाशीचे मोठे क्षेत्र असूनही तेथे ती कायमची रुजली नाही. तेथील हिवाळा गार, ओलसर व दहिवर पडणारा असल्याने झोपलेल्या अळ्या मोठ्या प्रमाणात मरत. शिवाय १९६८ पासून तेथे वंध्य केलेले पतंग सोडण्यात येत होते. पुढे बीटी कपाशी, वंध्य पतंग, कामगंध व पऱ्हाट्यांचा वेळीच नायनाट यांची जोड घालून अमेरिकेने २०१८ साली आपल्या कपाशी क्षेत्रातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले.

मग आपली थंडी त्या खोऱ्यासारखे काम करील काय? यासाठी पंजाबकडे पाहावे. बठिंडा-मानसा भागात जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे कळंबपेक्षा थंडी कितीतरी जास्त. तरीही २०१८ च्या सुमारास हरियाणा व पंजाबमध्ये या किडीने पुन्हा डोके वर काढले आणि २०२१ मध्ये बठिंडा-मानसा पट्ट्यात मोठे नुकसान केले. जेथे चार अंशांनी तिचे काही बिघडले नाही, तेथे आपल्या दहा अंशांनी काय बिघडणार?

२००२ मध्ये बीटी कपाशीस परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले व काही वर्षे शेंदरी बोंडअळीचा विसर पडला. पहिल्या जनुकास ती दाद देत नसल्याचे गुजरातमध्ये २००९-१० च्या सुमारास उघड झाले आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळसह विदर्भात हाहाकार उडाला. या विषयी बियाण्यावर खूप लिहिले गेले, ते योग्यच आहे. परंतु लांब मुदतीचे वाण, मे महिन्यातील लागवड आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड यांमुळे अळीचा उपासाचा काळ आपण जवळजवळ संपवून टाकला होता, ही बाजू पुरेशी मांडली गेली नाही असे आम्हास वाटते. ज्या अळ्या विषास पुरून उरल्या त्या फरदडीवर पोसल्या गेल्या, सरकीत निजल्या आणि तोच गुण घेऊन पुढच्या हंगामात उठल्या.

त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंदट, अंग घामाने निथळलेले आणि तोंडावर साधे फडकेही नाही, अशा स्थितीत औषध कातडीतून व श्वासातून अंगात जाते. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र ते औषध पोहोचत नाही. बोंडाचे छिद्र अळी आत जाताच बुजून जाते. म्हणून अळी बोंडात गेल्यावर फवारणीची संख्या वाढवीत नेणे म्हणजे पैसा व जीव दोन्ही धोक्यात घालणे होय.

कळंब भागात काय करावे

सीतादही होऊन वेचणी सुरू झाली की उलंगवाडीची तारीखही मनाशी ठरवून ठेवावी. डिसेंबरअखेर, उशिरात उशिरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पीक संपवावे. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या व जनावरे शेतात सोडावीत; हिरवी व किडकी बोंडे ती खाऊन टाकतात. त्यानंतर पऱ्हाट्या मुळासकट उपटाव्यात. उपटलेल्या पऱ्हाट्यांची गंजी बांधावर किंवा गोठ्यामागे जूनपर्यंत ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सरपण लागते हे खरे, पण बोंडे लगडलेली पऱ्हाटी म्हणजे अळीचे कोठार. सरपणासाठी ठेवायचीच तर बोंडे झोडून, वेचून नष्ट करावीत व मगच काड्या रचाव्यात. शक्य असेल तेथे यंत्राने बारीक करून कंपोस्ट खड्ड्यात टाकावे.

खोल नांगरट फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. येथे मात्र आपले हवामान आपल्या बाजूने आहे. हिवाळा अळीस मारीत नसला तरी वैशाखातील काळ्या जमिनीचा उघडा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. भेगांतून वर आलेल्या अळ्या व कोष त्या उन्हात आणि पक्ष्यांच्या चोचीत सापडतात.

मे महिन्यात, ठिबक असले तरी, कपाशीची लागवड करू नये. जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावर, गावातील शेतकऱ्यांनी शक्यतो एकाच सुमारास लागवड केल्यास आधी निघालेले पतंग उपाशी मरतात. एकाने मे मध्ये लावली तर त्याच्या शेतातील फुलांवर गावभरचे पतंग जमतात आणि तेथून पुढची पिढी सगळीकडे जाते. वाण कमी मुदतीचा निवडावा.

पाती लागण्याच्या सुमारास हेक्टरी ५ कामगंध सापळे पिकाच्या उंचीपेक्षा फूटभर वर लावावेत. सतत तीन रात्री सापळ्यामागे ८ किंवा अधिक पतंग आल्यास, अथवा १० टक्के फुले डोमकळ्या झाल्यास किंवा तितकीच हिरवी बोंडे किडकी आढळल्यास नियंत्रणाची वेळ झाली असे समजावे. डोमकळी दिसताच तोडून नष्ट करावी. बोंडे वरून पाहून कळत नाही. शेतातील वेगवेगळ्या झाडांची २० बोंडे तोडून फोडून पाहावीत. दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे १० टक्के. फवारणी आवश्यक झाल्यास विद्यापीठाच्या चालू शिफारशीतील एकच औषध, सांगितलेल्या प्रमाणात, हातमोजे व तोंडावर मास्क बांधून, सकाळी किंवा सायंकाळी वाऱ्याच्या दिशेने फवारावे. दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे आपले घर. भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी कापूस एप्रिल-मेपर्यंत घरात साठवितात. त्यात कवडीचा कापूस मिसळलेला असेल तर त्यातील जोडसरकीत निजलेली अळी उन्हाळाभर सावलीत सुखरूप राहते आणि पाऊस जवळ येताच पतंग खिडकीतून बाहेर पडतो. नांगरलेल्या शेतातील अळीस जे ऊन मारते ते घरातील अळीपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे कवडीचा कापूस वेचतानाच वेगळा ठेवून लवकर विकावा. साठवणीच्या खोलीत व जिनिंगच्या आवारात एप्रिलपासून कामगंध सापळे टांगावेत. त्यांत फक्त नर पतंग सापडतात, परंतु आत किती साठा आहे याचा अंदाज येतो. जनावरांसाठी घरी सरकी ठेवली असल्यास एप्रिल-मेच्या कडक उन्हात फरशीवर पातळ थर देऊन दुपारी दोन-तीन वेळा पालथी करावी. इजिप्तमध्ये याच तत्त्वावर सरकी गरम हवेतून काढीत असत. आपल्याकडे त्यासाठी यंत्राची गरज नाही, वैशाखातील दुपारची तीन तासांची फरशी पुरते.